बाळ झोपलंय

"माझ्यापासून काही लपवू नका, एवढंच सांगते."

मोठ्या जाऊबाई हे म्हणाल्या तेव्हा त्या भरलेल्या बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढत होत्या. मी पलंगावर बसले होते. एका मांडीवर माझी मुलगी, दुसऱ्या मांडीवर त्यांची.

"पडली तर पडली म्हणा. ताप आला तर ताप आला म्हणा. आम्हा नर्सेसना लपवलेलं पचत नाही गं. वॉर्डात नातेवाइकांना आम्हीच सांगतो ना, 'झोपलेत, आत्ता भेटू नका.' त्यातले खरे झोपलेले किती असतात ते आम्हालाच ठाऊक."

"वहिनी, चाललात तुम्ही आणि घाबरवताय मला," मी म्हटलं. "इथे आजी आहे, बाप आहे, काका आहे, मी आहे. परत याल तेव्हा ही तुम्हाला उचलवणार नाही, एवढी जाडजूड करून ठेवते."

त्या हसल्या नाहीत. चेन लागली, त्यांनी बॅग उभी केली आणि आपल्या लेकीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. जायच्या दिवशी कुठलीही आई असं काहीबाही बोलणारच, असं मला वाटलं. ते बोलणं मी तिथेच सोडून दिलं.

आमच्या घरात वहिनींना सगळे 'सिस्टर' म्हणत. सासूबाईसुद्धा. आधी ती थट्टा होती, मग नावच पडलं. "सिस्टर, माझं बीपी बघ." "सिस्टर, पलीकडच्या आजोबांना इंजेक्शन द्यायचंय, जरा जाऊन ये." घरात नर्स असली की निम्मी गल्ली दवाखान्याची पायरी विसरते. ड्युटीवरून येऊन वहिनींनी चप्पल काढायच्या आत कुणीतरी जीभ बाहेर काढून त्यांच्यासमोर उभं असायचं.

याच घराण्यात काही वर्षांपूर्वी सासूबाईंच्या भाच्याला एक नर्स मुलगी सांगून आली होती, तेव्हा 'रात्रपाळी करणारी सून नको' म्हणून नाकं मुरडली गेली होती. मग जगात नर्सेस कमी पडायला लागल्या. देशोदेशी म्हातारी माणसं वाढली, त्यांचं करायला तिथली पोरं मिळेनात, आणि आपल्या पोरींना बोलावणी यायला लागली. नर्स गेली की तिच्यामागून नवऱ्यालाही जाता येतं, हे लोकांना कळलं आणि मुरडलेली नाकं सरळ झाली. लग्न जमवणाऱ्या बाई म्हणायच्या, "डॉक्टरीण राहू दे, नर्स असेल तर बोला." मुलगी बघायला गेलेली माणसं तिला स्वयंपाक येतो का हे विचारायचं सोडून परदेशी भाषेची परीक्षा दिलीय का, ते विचारू लागली. आमचे मोठे भाऊजी वायरिंगच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे. साधा, गरीब स्वभावाचा माणूस. पण बायको नर्स आली आणि त्यांच्याही डोळ्यांत विमान उतरलं.

बोलावणं आलं तेव्हा वहिनींची लेक नुकती पालथी पडायला लागली होती. चणीने बारीक, म्हणून तिला आम्ही पिटुकली म्हणायचो. माझी तिच्यापेक्षा थोड्याच दिवसांनी लहान, पण गुटगुटीत, ती ढब्बी. "हिला वर्षाची होऊ दे, मग जाते," असं वहिनी म्हणाल्या होत्या. पण क्लासवाले सर म्हणाले, आज जागा आहे, उद्याचं मी काय सांगू? हे सर नर्सेसना भाषा शिकवायचे, मुलाखतीला बसवायचे आणि पाठवायचे. सासूबाईंनी निकाल दिला, "दुधाचं काय, धाकटीला आहेच. एका आईने जायचं, एकीने राहायचं."

जसं काही घरात पाण्याच्या दोन कळशा होत्या. वहिनींना कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

वहिनी गेल्या आणि आठवड्याभरात सरांनी घरच्या माणसांची सभा बोलावली. दोन्ही पोरींना घेऊन मी सासूबाईंबरोबर गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हसणाऱ्या नर्सेसचे फोटो, पंख्याचा खडखडाट.

"पहिले सहा महिने कच्चे असतात," सर म्हणाले. "त्यात टिकली तर नोकरी कायम, आणि मगच नवऱ्याचे कागद. आता मला सांगा, त्या सहा महिन्यांत ज्या परत येतात त्या का येतात? कामाला घाबरून? छे. काम त्यांना येतं. त्या परत येतात पोरांपायी. रोज मूल बघायचं, रोज रडायचं, मग ड्युटीवर चूक, मग तक्रार, मग विमान. म्हणून सांगतो, लहान मूल असेल तर दाखवू नका. 'बाळ झोपलंय' म्हणा. कडू आहे, पण औषध आहे."

मागच्या रांगेतून एक सासरे म्हणाले, "आणि आवाजाचं काय करू? आमचा नातू रडला की नाक्यावर ऐकू जातं."

"फोनच्या वेळी शेजारी पाठवा."

"शेजारी घेत नाहीत हो त्याला."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पुढे बसलेल्या एक बाई वळून म्हणाल्या, "आम्ही दाखवायचो रोज. आली ना परत. आता घरी बसलीय पोर मांडीवर घेऊन." 'घरी बसलीय' हे त्यांनी अशा सुरात म्हटलं, जसं कुणी तुरुंगात बसलंय म्हणावं.

घरी येताना मी म्हटलं, "आई, वहिनी मला बजावून गेल्यात, काही लपवू नका म्हणून."

"लपवायचं काय त्यात? झोपलीय म्हणणं हे काय खोटं बोलणं झालं? पोरं झोपतातच."

आणि पहिल्यांदा ते खरंही होतं. वहिनींची पाळी सुटायची तेव्हा इथे भर दुपार असायची. पोरी जेवून झोपलेल्या असायच्या. "झोपू दे, उठवू नका," वहिनी स्वतःच म्हणायच्या, "फक्त कॅमेरा फिरवा तिच्याकडे." भाऊजी फिरवायचे. वहिनी बघत राहायच्या, पोट वरखाली होतंय ना, तेवढंच. मी ओळखायचे, कारण मीही तेच करते. ढब्बी जरा जास्त वेळ झोपली की माझं बोट तिच्या नाकाखाली जातं. आईपण म्हणजे निम्मा वेळ हेच असतं.

मग कॅमेरा फिरवणं बंद झालं. खोलीत अंधार केलाय. चार्जिंग संपत आलंय. आत्ताच डोळा लागलाय, हालचाल झाली तर उठेल. भाऊजींना खोटं बोलता येत नसे, त्यांचे कान लाल व्हायचे, म्हणून फोन घ्यायचं काम सासूबाईंकडे गेलं.

एका दुपारी वहिनी तिकडच्या जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या, अंगावर ड्युटीचा पोशाख तसाच. इकडे पिटुकलीला नुकताच शोध लागला होता की वाटी फरशीवर आपटली की आवाज येतो. ती आतल्या खोलीत आपटत होती आणि स्वतःच्याच पराक्रमावर खिदळत होती.

"तीच ना?" वहिनींचा आवाज एकदम वर गेला. "आई, तीच हसतेय ना?"

"ती ढब्बी गं, धाकटीची. तुझी झोपलीय."

मी दारात उभी होते. ढब्बी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली होती. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच 'आत जा' म्हटलं, आणि मी आत जाऊन पिटुकलीच्या हातातली वाटी काढून घेतली. तिने भोकाड पसरलं. बाहेर सासूबाई म्हणत होत्या, "बघ, धाकटीची पोर फार हट्टी झालीय."

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हे बरोबर चाललेलं नाही."

"अगं, थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे. दादाचे कागद होतील, तो जाईल, मग पिटुकली जाईल. तिघं एकत्र राहतील. तिच्याच भल्याचं आहे. तू मध्ये पडू नकोस, उद्या काही बिनसलं तर खापर तुझ्या डोक्यावर फुटेल."

घरातलं कुठलं माणूस वाईट वागत होतं? तोच तर वैताग होता. सासूबाई पिटुकलीला स्वतःच्या हाताने मऊ भात भरवायच्या. भाऊजी दुकानातून आले की आधी तिला घ्यायचे, मग पाणी प्यायचे. सगळे तिच्या आईच्या भल्यासाठीच तिच्या आईशी खोटं बोलत होते.

उन्हाळ्यात दोन्ही पोरींच्या डोक्यात गळवं झाली. पिटुकलीला तापही भरला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि दोघींचे केस अगदी बारीक कापायला सांगितले. "सिस्टरला कळवायचं नाही हं," सासूबाई म्हणाल्या, "परक्या मुलुखात एकटी, उगाच जीव खालीवर." ताप उतरला, गळवं बसली, आणि पिटुकलीचं अंग असं काही भरलं की मागून बघितलं तर दोघींतली कुठली कोण ते भाऊजीसुद्धा चुकायचे.

त्या दिवसांत वहिनी फोटो मागत होत्या. केस कापलेली पोर दाखवली तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून भाऊजींनी जुना एक फोटो शोधून पाठवला. पिटुकली निळ्या चौकटींच्या चादरीवर उताणी.

वहिनींचा फोन आला. "हा फोटो आत्ताचा?"

"हो, म्हणजे... थोडा आधीचा," भाऊजी म्हणाले. त्यांचे कान लाल.

"ती चादर माझ्याजवळ आहे. मी येताना घेऊन आले. माझ्या उशाशी आहे आत्ता."

भाऊजी म्हणाले, फोनमध्ये फोटोंचा गोंधळ झाला. वहिनी "बरं" म्हणाल्या.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून मी दोघींचा टबातला फोटो काढला. दोन्ही डोकी जवळजवळ बोडकी, दोन्ही पोटं गोल, साबणाचा फेस. माझ्या फोनवरून वहिनींना पाठवून दिला. पलीकडून दोनच शब्दांचं उत्तर आलं: "कोणती माझी?"

मला वाटलं, मस्करी करताहेत. किती दिवसांनी मस्करी करताहेत, म्हणून बरंच वाटलं. मी लिहिलं, "ओळखा पाहू," आणि पुढे हसरा चेहरा टाकला.

त्यावर काहीच आलं नाही. आणि त्यानंतर वहिनींनी पिटुकलीबद्दल विचारणं थांबवलं.

फोन यायचे. सगळ्यांची चौकशी व्हायची. सासूबाईंच्या गुडघ्याचं, भाऊजींच्या दुकानाचं, ढब्बीला दात आले का, याचंसुद्धा. फक्त स्वतःच्या लेकीचं नाव नाही. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "रुळली हो एकदाची," त्या म्हणाल्या. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" सहा महिने उलटले, नोकरी कायम झाली. घरात सगळ्यांचं तोंड गोड झालं. मी एकटीच एखादं दार उघडं राहिल्यासारखी घरभर फिरत होते. मूल दिसत नाही म्हणून रडणारी आई मला समजत होती. विचारायचीच थांबलेली आई मला समजत नव्हती.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. वहिनींच्या खोलीत राहणारी मुलगी, तीही आपल्याकडचीच नर्स.

"ताई, तुमचा नंबर मी त्यांच्या फोनमधून घेतला. रागावू नका. मला तरी खरं सांगा. बाळ कधी गेलं?"

"कुठे गेलं?" मी विचारलं. इतका वेळ लागला मला समजायला.

ती सांगत गेली. टबातला फोटो आला त्या दिवशी वहिनी त्या निळ्या चादरीची घडी घालून बॅगेत तळाशी ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "दोघींत माझी कुणी नाही. माझी मुलगी गेली. घरचे सांगणार नाहीत, मी परत येईन म्हणून. आता रोज धाकटीची मुलगी दाखवतील." रडल्या नाहीत. त्या दिवसापासून स्वतःची पाळी संपली की दुसऱ्याची घेतात. कुणी आजारी पडलं, कुणाला रजा हवी असली, की सिस्टर आहेतच. "मी म्हटलं, असं का समजता? तर म्हणाल्या, जे मूल कधीच जागं नसतं त्याला काय म्हणतात ते मला कोण शिकवणार?"

मी धावत जाऊन दोघींना उचलून आणलं, कॅमेरा लावला. "ही बघ. ही पिटुकली, वहिनींची. ही माझी. दोघी आहेत. बघ ना."

ती बराच वेळ बघत राहिली. "दोन दिसताहेत," ती हळूच म्हणाली. "पण ताई, दुसरी कुणाचीही असू शकते. वाईट वाटून घेऊ नका. माझे वडील वारले तेव्हा मला परीक्षा होती, म्हणून घरच्यांनी सांगितलं नाही. महिनाभर काका माझ्याशी वडिलांच्या आवाजात बोलत होते. दोघांचा आवाज सारखा. मी काकांना म्हणायची, बाबा, औषध वेळेवर घ्या. ते म्हणायचे, घेतो."

मी घरात सगळ्यांना बसवून हे सांगितलं. सासूबाई आधी चिडल्या, "शिकलेली ना ती? असं कसं समजते? तोंडाला येईल ते." मग त्यांनी पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी फोनच्या वेळेला आम्ही सगळे समोर बसलो. सासूबाईंच्या मांडीवर पिटुकली, माझ्या मांडीवर ढब्बी. पडद्यावर वहिनी दिसल्या. गाल आत गेलेले, केस घट्ट बांधलेले.

"सिस्टर, ही बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "ही तुझी. जागी आहे बघ. आम्ही मेल्यांनी खोटं सांगितलं तुला. त्या सरांचं ऐकलं. ही बघ, हिचे डोळे बघ."

पिटुकलीने पडद्यावरच्या अनोळखी बाईकडे पाहिलं. मग ओठ बाहेर काढले, वळली, आणि माझ्याकडे दोन्ही हात करून म्हणाली, "आई."

ढब्बी माझ्या मांडीवर, आणि ती माझ्याकडे झेपावलेली. वहिनी दोघींकडे बघत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्यात कुठे काही हलतंय का ते शोधत होते.

"बरं," त्या म्हणाल्या. हा आवाज मी ऐकलेला होता. पलीकडचे आजोबा शेवटच्या दुखण्यात 'मी उद्या बरा होतो' म्हणायचे तेव्हा वहिनी त्यांच्याशी ह्याच आवाजात बोलायच्या. "छान आहेत दोघी. जेवणं झाली का तुमची?"

"अगं, शपथ आहे तुझी," भाऊजी हुंदके देत होते. "तुझीच आहे ही. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"शपथा नका घेऊ. मी रागावले नाहीये कुणावर." त्यांनी पिटुकलीकडे परत एकदा पाहिलं. "ही कुणाची असेल तर वेळेत नेऊन द्या. तिची आई वाट बघत असेल."

फोन बंद झाला.

मग आम्ही काय केलं नाही? वहिनींचं माहेर म्हणजे एक भाऊ, तोही दूर. वर्षाकाठी एखादा फोन, एवढाच संबंध. त्याला आम्ही सगळं सांगितलं. त्याने आधी आपल्या घरूनच बहिणीला फोन केला. तिने एकच विचारलं, "दादा, तू डोळ्यांनी बघितलंस?" तो खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "नाही, पण ते सांगताहेत ना." मग रजा काढून आला. पिटुकलीला मांडीवर घेऊन त्याने आमच्यासमोर फोन लावला. "हे बघ, माझ्या मांडीवर आहे. तुझंच नाक आहे हिला. आपल्या आईचं."

वहिनी म्हणाल्या, "दादा, तूपण?"

त्यांच्याकडे दुसरा कुणी उरला नव्हता, ज्याचं ऐकून त्यांनी विश्वास ठेवावा.

भाऊजी तिकडे जायला निघाले. पाहुणा म्हणून जायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. नवरा म्हणून जायचं तर अर्ज वहिनींनी करायचा, तो त्यांनी केला नाही. नाही म्हणाल्या नाहीत, नुसत्या गप्प राहिल्या. पिटुकलीलाच घेऊन जावं म्हटलं, तर तिच्या पासपोर्टला आईची सही हवी. कागद पाठवले. आले नाहीत. वहिनींच्या वॉर्डाच्या मुख्य बाईंशी आम्ही बोललो, खोलीतल्या मुलीने मध्ये पडून भाषा सांभाळली. मी म्हटलं, त्यांना डॉक्टर दाखवा, त्यांचं मन ठिकाणावर नाही. मुख्य बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्यांच्या बाजूने विचारपूस केली असेलही. पण त्यांचं उत्तर आलं ते असं, की ही आमची सर्वांत चांगली नर्स आहे. कधी उशीर नाही, कधी रजा नाही, कधी तक्रार नाही. अशा आणखी मिळतील का तुमच्याकडे?

माणसं कमी पडत असलेल्या जागी जे माणूस मुकाट्याने दुप्पट काम करतं, ते दुखण्यात आहे हे कुणाच्या लक्षात कसं यावं?

हक्काची रजा आली. वहिनी आल्या नाहीत. सासूबाई रोज दुपारी पिटुकलीला जागी ठेवून फोनसमोर घेऊन बसायच्या. पोर पेंगायची, त्या तिला पाण्याचा हात लावून उठवायच्या. फोन यायचा नाही. एक दिवस मीच म्हटलं, "आई, झोपू द्या तिला." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाण्यात हात बुडवला.

मग खोलीतल्या मुलीचा निरोप आला. सिस्टरनी तिथली नोकरी सोडली. कुठे गेल्या, सांगून गेल्या नाहीत. दुसऱ्या शहरात असतील, दुसऱ्या देशातही असतील. "त्यांचं काय ताई," ती म्हणाली, "त्या जातील तिथे दार उघडंच आहे." जुना नंबर आता लागत नाही. ज्या टंचाईमुळे त्यांना आमच्यातून बोलावणं आलं, तिच्यातच त्या हरवल्या.

मी सरांकडे गेले. हॉलमध्ये नवी सभा भरली होती. त्याच खुर्च्या, नवी माणसं. सर सांगत होते, कडू आहे, पण औषध आहे. ढब्बी माझ्या कडेवर होती. मी उभी राहिले आणि आमच्या घरचं सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसंच.

एक आजी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "मग काय रोज दाखवायचं पोर?"

"रोज. रडत असेल तर रडताना. आजारी असेल तर आजारी."

"आणि मग आली ती परत, तर?"

"तर आली म्हणायचं घरी."

सर शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या घरी झालं ते वाईटच झालं. पण तो तुमच्या सिस्टरचा स्वभाव. बाकीच्या सगळ्या नीट आहेत." त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे हात केला. माणसांनी फोटोंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. सभा पुढे सुरू झाली. बाहेर पडताना त्या आजी माझ्यामागे आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "माझ्या सुनेनं दोन दिवस झाले, नातवाचं नाव नाही काढलं." मी म्हटलं, "आत्ता लावा फोन." त्यांना लावता येत नव्हता. मुलगा आत सरांचं ऐकत बसला होता. मी लावून दिला. पलीकडे घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही. ड्युटीवर असेल, आजी म्हणाल्या. असेलही.

पिटुकली आता धावते. तिला माझ्या नवऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या आवडतात, भाऊजींच्या पाठीवर बसायला आवडतं. मला ती 'आई' म्हणते, आणि दर वेळी ती हाक मारते तेव्हा सासूबाई खोलीतून उठून जातात. भाऊजींनी परदेशी भाषेची पुस्तकं अजून टाकलेली नाहीत. आम्हा कुणालाच काय करावं ते कळत नाही. म्हणून हे लिहिलं, आणि ज्यांना वाचता येतं त्या सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवलं.

तुम्ही परदेशात असाल, किंवा तुमचं कुणी तिथल्या दवाखान्यात असेल, तर वॉर्डात जरा नजर टाका. आमच्या वहिनी मध्यम बांध्याच्या आहेत. उजव्या भुवईत पांढरी बारीक रेघ आहे. रोग्याला हात लावायच्या आधी त्या आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करून घेतात. कुणी मुलाबाळांचं विचारलं तर उत्तर द्यायच्याऐवजी उशी सारखी करायला लागतात.

त्या दिसल्या नाहीत, तर जी कुणी आपल्याकडची सिस्टर तिथे असेल तिच्याजवळ जा. कामात असेल, तर काम संपेपर्यंत थांबा. मग आपल्या भाषेत विचारा, जेवलीस का, झोप लागते का, घरी बोलतेस का, आणि ती उत्तर देईपर्यंत तिथेच बसा. आमचं कुणाचं आता वहिनी ऐकणार नाहीत. तुमचं कदाचित ऐकतील. तुम्ही त्यांचे कुणी लागत नाही, आणि तुम्हाला त्यांच्याकडून काही नको आहे.

तेवढं बघून या.